उजवीकडचा ठिपका

नोकरीचा पहिला आठवडा संपला त्या शनिवारी आमच्या सरांनी माझं रजिस्टर उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाई, ही लॅब आहे की बालवाडी?"

रजिस्टरात मी चित्रं काढली होती. पेशंटच्या नावापुढे आधी जे दिसलं ते पेन्सिलीने काढायचं आणि मग त्याच्यापुढे शाईने निकाल लिहायचा, ही माझी पद्धत. टायफॉइडच्या तपासणीत काचेवर रव्यासारखे कण जमले की ते कण. लघवीत स्फटिक दिसले की स्फटिक, त्यांच्या कोपऱ्यांसकट. सवय वडिलांची. ते हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते आणि घरीही शिक्षकच असायचे. मला बाजारात पाठवलं की आल्यावर भाजीकडे न बघता विचारायचे, "भाजीवालीची टोपली कशी होती, काढ बघू. दिसलं ते काढ, वाटलं ते मागाहून सांग."

सरांना मी हे सगळं सांगत बसले नाही. तेव्हा माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. मी म्हणाले, "चित्रं चालत नसतील तर दुसरी मुलगी बघा." सरांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "काढा. फक्त माझ्याकडे रंगपेटी मागू नका." त्या दिवसापासून ते मला चित्रकार बाई म्हणू लागले, आणि मलाही ते आवडायला लागलं, जरी मी ते तोंडावर कधी दाखवलं नाही.

आमची लॅब नगरमध्ये माळीवाडा स्टँडपासून पाच मिनिटांवर, एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर होती. दोन खोल्या, एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज, आणि रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवणारं एक सेंट्रिफ्यूज मशीन, जे चालू झालं की टेबल त्याच्याबरोबर चालू लागायचं. खालून दिवसभर हवा भरायच्या पंपाची फुसफुस ऐकू यायची. मला ती जागा फार प्रिय होती. सकाळी कुलूप उघडलं की स्पिरिटचा आणि खालच्या टायरट्यूबच्या रबराचा एकत्र वास यायचा, आणि मला वाटायचं, चला, आपलं राज्य सुरू झालं.

नव्वदीची मधली वर्षं होती. एचआयव्हीचं नाव काढलं तरी माणसं खुर्ची मागे सरकवायची. आमच्याकडे ती तपासणी आली तेव्हा मी दोन दिवस घरी सांगितलंच नाही. तपासणी तशी सोपी. चपट्या कार्डाच्या मधोमध एक गोल खिडकी, तीत थेंब टाकायचे, थोडं थांबायचं, आणि ठिपके उमटतात का ते बघायचं. वरचा ठिपका उमटलाच पाहिजे, तो म्हणजे कार्ड नीट चाललंय याची खूण. खाली डावीकडे उमटला तर एक नंबरचा विषाणू, उजवीकडे उमटला तर दोन नंबरचा. आमच्याकडे जे काही उमटायचं ते डावीकडेच. उजवी बाजू कार्ड बनवणाऱ्याने शोभेला ठेवली असावी, अशी माझी समजूत झाली होती.

आणि मग लेथवाले दादा आले.

नागापूरच्या एमआयडीसीत ते लेथवर काम करायचे. तिशी ओलांडलेली, उंच, खांदे रुंद, नखांत काळं तेल कायमचं. कंपनीत रक्तदान शिबिर झालं होतं आणि त्यानंतर त्यांना बाहेरून तपासून घ्यायचा निरोप आला होता. खुर्चीत बसून बाही वर करताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या सेंट्रिफ्यूजबद्दल.

"ताई, ह्याचं बुश गेलंय, दांड्याभवतीची कडी. आवाज ऐकताय न्हवं? असंच चालवलं तर एक दिवस खिडकीतून खाली जाईल."

त्यांच्या कार्डावर वरचा ठिपका उमटला. डावी बाजू पांढरी राहिली. आणि उजवीकडे एक गोल, गुलाबी, ठसठशीत ठिपका आला.

मी सरांना हाक मारली. ते म्हणाले, कार्ड खराब असेल. दुसरं घेतलं, तेच. तिसरं घेतलं, तेच. सर म्हणाले, "पॉझिटिव्हच आहे ना? एक काय, दोन काय, रोग तोच. फॉर्मवर तेवढीच जागा आहे." खरंच तेवढीच होती. छापील फॉर्मवर दोन शब्द, एकावर बरोबरची खूण करायची. मी रजिस्टरात तिन्ही कार्डं काढली, उजवीकडचा ठिपका पेन्सिलीने गडद केला, आणि फॉर्मवर खूण केली. निकालाच्या रकान्यात लिहिलं, पॉझिटिव्ह. दोन नंबर हे शब्द मी कुठेच लिहिले नाहीत. मला पावणेसहाची गाडी पकडायची होती. हे कारण आज लिहितानाही लाज वाटते, पण खरं कारण तेच आहे.

सरांनी दादांना दार लावून सांगितलं. सर असं सांगताना आवाज अजिबात बदलत नसत, म्हणून माणूस मोडून पडत नसे. दादांनी विचारलं, "मशीन चालवता येईल ना मला?" सर म्हणाले, "येईल. बायकोला आणि मुलीला तपासायला घेऊन या."

ते दोघींना घेऊन आले त्या दिवशी मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते. वहिनी मिरजगावच्या बाजूच्या, सात्त्विक चेहऱ्याच्या पण डोळ्यांत ठिणगी असलेल्या. मुलगी चार वर्षांची, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर फक्त वरचा ठिपका आला. मी पुनःपुन्हा बघितलं, खाली काही नव्हतं. माझा जीव असा भांड्यात पडला की मी सरांच्या आधीच ओरडले, "काही नाही! दोघींनाही काही नाही!" रिपोर्ट असा ओरडून द्यायचा नसतो. सर रागावले, पण त्यांचाही चष्मा कपाळावर गेला होता.

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "मंग आता ह्यांचं बघू." जणू घरातली दोन कामं उरकली आणि तिसरं उरलं. त्या क्षणी मला त्या बाई आवडल्या त्या आवडल्याच.

पुढची दोन-तीन वर्षं दादा धडधाकट होते. पुढच्याच रविवारी त्यांनी आमच्या सेंट्रिफ्यूजला स्वतः करून आणलेलं नवं बुश बसवलं, आणि टेबल चालायचं थांबलं. सरांना त्याची इतकी सवय झाली होती की ते दोन दिवस टेबलाला उगाच हात लावून बघायचे. दादा अधूनमधून तपासणीला यायचे. मी बुटक्या स्टुलावर, ते खुर्चीवर, त्यामुळे रक्त घेताना त्यांचा पट्टा नेमका माझ्या डोळ्यांसमोर यायचा. रुंद काळा चामड्याचा पट्टा, पितळी बकल त्यांनी स्वतः घडवलेलं. पट्ट्याला पाच भोकं, आणि बकल नेहमी मधल्या, तिसऱ्या भोकात. वर्षानुवर्षं वापरून ते भोक लांबट झालं होतं.

एक दिवस बकल चौथ्यात दिसलं. पुढच्या खेपेला पाचव्यात. मग पाचाच्या पुढे नवं भोक आलं, मशीनवर पाडलेलं, नेटकं गोल.

"दादा, बारीक झालात," मी म्हणाले.

"पट्टा वाढलाय ताई," ते हसून म्हणाले. सोबत आलेल्या वहिनी हसल्या नाहीत.

तोवर आपल्याकडेही तीन-तीन गोळ्या एकत्र द्यायचे उपचार पोचले होते. शहरातल्या एका दवाखान्यात मुंबईहून शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते. आमच्या सरांपुढे ते अगदीच कोवळे, म्हणून आम्ही त्यांना छोटे डॉक्टर म्हणायचो. हुशार होते, धडपडे होते, फक्त आपलं चुकेल यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांनी आमचा जुना रिपोर्ट बघून दादांना गोळ्या सुरू केल्या. गोळ्या सोप्या नव्हत्या आणि स्वस्त तर मुळीच नव्हत्या. वहिनींच्या गोठ्यातली जनावरं कमी झाली एवढं मला कळलं, बाकी मी विचारलं नाही.

दोन महिने दादांची तब्येत सुधारली. मग पुन्हा घसरली. पट्ट्याला सातवं भोक पडलं, मग आठवं.

त्यानंतर एका दुपारी वहिनी एकट्याच जिना चढून आल्या. हातात शेंगा भरायची लहान गोणी. त्यांनी ती माझ्या टेबलावर उपडी केली. गोळ्यांची रिकामी पाकिटं, शेकडो, चंदेरी, चुरगळलेली, सगळ्या टेबलभर पसरली.

"मोजा," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या छोट्या डाक्टरनं आज ह्यांना दहा मानसांत सांगितलं, तू गोळ्या चुकवतोस म्हून औशध लागू पडंना. म्हनं तुमी लोक असंच करता. ताई, ह्यो मानूस सकाळी कंपनीचा भोंगा वाजला की गोळी घेतो आन् रातच्याला भाकरीच्या आधी घेतो. एक दिस न्हाई चुकली. मी हरेक पाकीट ठिवलंय. मोजा तुमी!"

मी मोजली नाहीत. मला मोजायची गरज नव्हती. डोकं मात्र असं फिरलं की कानशिलं तापली. ज्या माणसाने आमच्या मशीनला केसभर फरक न ठेवता बुश बसवलं, तो गोळी चुकवेल? मी वहिनींना पाणी दिलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "थांबा वहिनी, मी सगळं पहिल्यापासून काढते." तोवर छोट्या डॉक्टरांना दाखवायला दादांचे सगळे जुने निकाल एका कागदावर उतरवावेत, एवढाच माझा विचार होता.

जुनं रजिस्टर कपाटाच्या तळाशी होतं. पानं उलटत गेले. आणि तिथे, माझ्याच हाताने काढलेली तीन कार्डं. डावी बाजू कोरी, उजवीकडे गडद ठिपका.

मी हे विसरले होते. साफ विसरले होते. अशी शेकडो कार्डं मधे होऊन गेली, आणि जे उमटलं ते सगळं डावीकडेच. मला औषधांतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं की दोन ठिपके वेगळ्या जागी उगाच केलेले नसतात.

सर आतून आले. मी रजिस्टर त्यांच्या नाकासमोर धरलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर आवाज चढवला. "एक काय, दोन काय, तुम्ही म्हणाला होता! छोट्या डॉक्टरांना माहीतच नाही हा दोन नंबर आहे!" सरांनी चष्मा खाली घेऊन ते चित्र बघितलं. मला वाटलं आता नोकरी गेली. ते म्हणाले, "तुम्ही काढलं होतं. मी वाचलं नाही." मग म्हणाले, "उद्या पुण्याला कोण जातंय, तुम्ही की मी?"

मीच गेले. दादांचं ताजं रक्त थर्मासात, बर्फात घालून, एसटीच्या खिडकीजवळ मांडीवर घेऊन. पक्क्या तपासणीची सोय पुण्याला होती. सुप्याला गाडीत एक आजी चढल्या, शेजारी बसल्या आणि थर्मासकडे बघून म्हणाल्या, "पोरी, घोटभर चहा दे की." मी म्हणाले, "आजी, चहा नाही, बर्फ आहे." त्या म्हणाल्या, "मंग बर्फ दे, घसा कोरडा पडलाय." मी थर्मास छातीशी धरून बसले. कंजूष पोरगी म्हणून त्यांनी शिरूरपर्यंत माझा उद्धार केला, आणि काळजीने अर्धी झालेली मी, मला खुदकन हसू यायला लागलं.

निकाल टपालाने आला. पाकीट मी जिन्यातच फोडलं. दोन नंबरच, एक नंबरचा मागमूस नाही.

मी आणि सर ते घेऊन छोट्या डॉक्टरांकडे गेलो. मी वाटेत भांडणाची तयारी करून ठेवली होती, वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्यांची मला गरजच पडली नाही. त्यांनी कागद वाचला, एक जाडजूड पुस्तक काढलं, मग नियतकालिकांचा गठ्ठा काढला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा पडत गेला. शेवटी म्हणाले, "उद्या त्या दोघांना बोलवा. तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या केबिनमध्ये आम्ही सगळे दाटीने बसलो. छोटे डॉक्टर आधी वहिनींकडे वळले. म्हणाले, "बाई, गोळ्या ह्यांनी चुकवल्या नाहीत. चुकलो मी. मी बोलायला नको होतं." त्या वयाच्या आणि त्या मिजाशीच्या माणसाने इतकं सरळ म्हणावं, मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. वहिनींनी मान हलवली, पण पदराखालची गोणी काही सोडली नाही. ती पुरावा म्हणून आणलीच होती.

मग डॉक्टरांनी समजावलं. तीन गोळ्यांतली एक गोळी विषाणूच्या एका खाचेत जाऊन बसते आणि त्याचं काम बंद पाडते. दोन नंबरच्या विषाणूत ती खाचच वेगळी असते, जन्मापासून. म्हणजे ती गोळी पहिल्या दिवसापासून फुकट गेली. उरल्या दोन. विषाणू स्वतःच्या नकला काढत सुटतो आणि प्रत्येक नकलेत थोडंफार चुकतो. तीन गोळ्या नीट लागू पडत असत्या तर त्याला नकला काढायला सवड मिळाली नसती. दोनच गोळ्यांपुढे मात्र ती मिळाली, आणि त्यातली एखादी चूक त्याच्या उपयोगी पडली. त्या नकलेवर आता त्या दोन गोळ्याही पुरेशा चालत नाहीत. "नेमकं काय बदललंय ते बघायची सोय आपल्याकडे नाही," ते म्हणाले, "पण झालंय हेच, असं मला वाटतं."

दादा इतका वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. आता त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी असं की," ते म्हणाले, "एक पाना मुळातच भलत्या मापाचा हुता. नट चौदाचा, पाना बाराचा, कितीबी फिरवा. आन् बाकीच्या दोन पान्यांनी एवढा जोर केला की नटाचे कोपरेच झिजले. आता पाना घसरतोय."

छोट्या डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. "मला हे समजायला तीन पुस्तकं लागली," ते म्हणाले.

"मंग कोपऱ्यावर न जाता दुसरीकडून धरायचं," दादा म्हणाले. "पाइप पाना असतोय तसा कायतरी."

आणि खरंच तसं काहीतरी होतं. नव्या जातीची एक कॅप्सूल मुंबईत मिळू लागली होती, ती विषाणूला वेगळ्याच ठिकाणी धरायची. तिच्याबरोबरच्या दोन गोळ्याही बदलायच्या. चालेल याची खात्री डॉक्टरांनी दिली नाही. "प्रयत्न करू," एवढंच म्हणाले.

बाहेर पडल्यावर जिन्यात मी दादा-वहिनींना थांबवलं. हे सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. रजिस्टर पिशवीतच होतं. ते पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, "मी तेव्हाच बघितलं होतं. काढलंसुद्धा होतं. फक्त लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मला गाडी पकडायची होती." आपण किती रागीट आहोत याचा मला तोवर फार अभिमान होता, त्या जिन्यात तो सगळा संपला.

दादांनी चित्र नीट निरखलं. कारागीर नकाशा बघतो तसं, बोटाने रेषेवरून फिरत.

"ड्रॉइंग बरोबर हाय ताई," ते म्हणाले. "जॉबकार्डावर लिवताना चुकलं. आमच्याकडं रोज हुतंय. ड्रॉइंग हुतं म्हून तर सापडलं."

वहिनींनी मात्र सोडलं नाही. "फुडच्या बारीला लिवायचं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. मायेचा होता, पण चांगलाच लागला.

मी दुसऱ्याच दिवशी रबरी शिक्का करून आणला. त्यावर कोरलं होतं, प्रकार, आणि पुढे तीन चौकोन: एक, दोन, दोन्ही. सर म्हणाले, फॉर्मचा अवतार झाला. आठवड्याने बघते तर शिक्का माझ्या टेबलावर नव्हता. सरांच्या टेबलावर होता आणि ते स्वतः प्रत्येक फॉर्मवर जोरात हाणत होते, खालच्या सायकलवाल्याने वर बघावं इतक्या जोरात.

नवी कॅप्सूल म्हणजे एक संसारच होता. रिकाम्या पोटी घ्यायची, मग तासभर काही खायचं नाही, आणि दिवसभर पाणी प्यायचं, भरपूर पाणी, नाहीतर मुतखडा. आता नगरात पाणी पी म्हणणं सोपं, पाणी आणायचं कुठून? त्यांच्या वस्तीत नळ एक दिवसाआड यायचा. वहिनींनी घरातली भांडीकुंडी भरून ठेवायला सुरुवात केली, आणि कामगारांनी कंपनीत दादांच्या मशीनपाशी स्वतंत्र माठ आणून ठेवला. कशाला ते कुणी विचारलं नाही. दादांनी सांगितलं होतं, डॉक्टरनं पाणी प्यायला सांगितलंय. तेवढं त्यांना पुरलं. दादा दर तासाला तांब्या उचलायचे, आणि शेजारच्या मशीनवरचा ओरडायचा, "आला, टँकर आला!"

मी रक्त घ्यायचे आणि पट्टा बघायचे. पहिला महिना आठवंच भोक. दुसरा महिना आठवंच. तिसऱ्या महिन्यात ते जिना चढून आले आणि मध्ये थांबले नाहीत. खुर्चीत बसले. मी आधी सुई हातात घेतली नाही, खाली बघितलं. सातवं.

दोघेही बघत होतो हे दोघांनाही माहीत होतं. मग सहावं. मग पाचवं, मूळ भोकांतलं शेवटचं. त्या दिवशी मी आणि सरांनी खालून भेळ मागवली आणि पेशंट बसलेले असताना आत लपून खाल्ली.

थंडीत वहिनींच्या माहेरून निरोप आला. ज्वारी हुरड्यात आली होती, सगळ्यांनी मिरजगावला यायचं. सर, छोटे डॉक्टर आणि मी, तिघं एसटीने गेलो. सरांनी कानटोपी घातली होती आणि छोट्या डॉक्टरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट, ज्याचं दहा मिनिटांत मातेरं झालं. शेतात आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या धगीत कणसं भाजत होती, वहिनींचे भाऊ तळहातांवर चोळून गरम गरम हुरडा समोर टाकत होते. सोबत गूळ, लसणाची चटणी, घट्ट दही. छोटी मुलगी, आता शाळेत जाणारी, सगळ्यांच्या ताटातला गूळ गोळा करत फिरत होती.

आणि दादा एका कडेला मनगटावरचं घड्याळ बघत बसले होते. कॅप्सूल नुकतीच घेतली होती. तास व्हायचा होता.

"डाक्टर, पाच मिन्टं सूट द्या," ते म्हणाले. छोटे डॉक्टर तोंड भरलेलं असताना मानेनेच नाही म्हणाले. सगळे हसले. मेहुणे मुद्दाम त्यांच्या नाकाखालून कणसं फिरवू लागले. शेवटच्या मिनिटाला तर मुलगी घड्याळाला चिकटून मोठ्याने आकडे म्हणायला लागली आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर, सरसुद्धा, कानटोपीतून. तास पुरा झाला आणि दादांनी जी सुरुवात केली ती आगटीत फक्त राख उरेपर्यंत थांबले नाहीत.

मी बघत होते. सकाळी आल्याबरोबर मी बघून ठेवलं होतं. बकल तिसऱ्या भोकात होतं, जुन्या, लांबट झालेल्या, आपल्या घरच्या भोकात. मला तेवढंच पुष्कळ होतं. रोग गेला नव्हता, तो जात नसतो, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पुढेही काळजीचे दिवस येणार होते. पण दादा मागे रेलले, ढेकर दिली, आणि पट्ट्याला हात घातला. बकल सोडलं आणि तिसऱ्याच्या आधीच्या, दुसऱ्या भोकात घालायला लागले. जाईना. ते भोक जन्मात कधी वापरलंच नव्हतं, चामडं कोरं, घट्ट. त्यांनी दात आवळून अंगठ्याने जोर लावला, आणि पितळेचा काटा आत गेला.

वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. हसतही होत्या. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, लिवा!"

सोमवारी लॅब उघडली, रबराचा वास घेतला, आणि रजिस्टरात त्यांच्या नावापुढे पट्टा काढला. सगळी भोकं, लांबट झालेलं भोक लांबट, मशीनवर पाडलेली तिन्ही गोल. मागून सर येऊन उभे राहिले, चष्मा वर सरकवून. मला वाटलं आता बालवाडी निघणार. ते म्हणाले, "आणि निकाल?"

मी पेन्सिल ठेवली, पेन घेतलं, आणि शाईने लिहिलं: बकल दुसऱ्या भोकात.